ख्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रती व साष्टीच्या ख्रिस्ती गृहस्थाचा नित्यधर्म

(१)

जो ग्रंथ तीन वेळां छापला गेला त्याची छापील प्रत एकहि हातीं लागूं नये, आणि हातानें उतरून घेतलेल्या प्रती मात्र निरनिराळ्या ठिकाणीं सांपडाव्या, असा प्रकार मराठी ग्रंथांच्या इतिहासांत विरळाच. फादर टॉमस स्टीफन्स याच्या ख्रिस्तपुराणाची हकीकत अशी आहे. हा ओवीबद्ध ग्रंथ १६१६ सालीं गोव्याच्या साष्टी प्रांतांत, रायतूर येथें प्रथम छापला गेला. पुढें १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिहींपैकीं कोणत्याहि आवृत्तीची प्रत आजवर उजेडांत आलेली नाहीं. ग्रंथ आपणांस मिळाला तो हस्तलिखितांच्या द्वारें, जोसेफ एल. सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळुरास जी आवृत्ति काढली, तीहि अशींच हस्तलिखितें ताडून पाहून.

या गोष्टीचा उल्लेख आजपर्यंत बहुतेक अभ्यासकांनीं खेदानें केला आहे. छापील मूळ नष्ट झालें, म्हणून पाठनिर्णय कठीण झाला, ही त्यांची तक्रार रास्तच आहे. परंतु या खेदाच्या भरांत दुसरा एक प्रश्न विचारावयाचा राहून गेला. ग्रंथ छापणें हें संस्थेचें काम. त्यास परवाना, पैसा व यंत्र हीं लागतात. तोच ग्रंथ हातानें उतरून घेणें हें, ज्याला तो वाचावयाचा आहे त्याचें काम. ख्रिस्तपुराणाच्या ओव्या सुमारें अकरा हजार आहेत. एखाद्या लेखकानें रोज शंभर ओव्या उतरल्या असें धरलें, तरी त्यास साडेतीन महिन्यांहून अधिक काळ एकहि दिवस न चुकवितां बसावें लागेल. असे श्रम कोणीं केले व कशासाठीं केले? या प्रश्नाच्या उत्तरांत गोव्यांतील ख्रिस्ती धर्माच्या इतिहासाचें एक दुर्लक्षित अंग दडलेलें आहे, असें प्रस्तुत लेखकास वाटतें. त्याचाच थोडक्यांत विचार येथें करावयाचा आहे.

(२)

प्रथम ग्रंथकाराविषयीं. स्टीफन्स हा इंग्लंडांतील विल्टशायर परगण्याचा. त्याचा जन्म १५४९ च्या सुमाराचा. जेझुइट संघांत प्रवेश करून तो २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरला. हिंदुस्थानांत कायमचा येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून त्याचें नांव घेतलें जातें. गोव्यास पोहोंचल्यावर थोड्याच दिवसांनीं त्यानें आपल्या बापास लिहिलेलें प्रवासाचें पत्र हॅक्लुइट यानें आपल्या प्रवासवृत्तांच्या संग्रहांत छापलें आहे. स्टीफन्स परत गेला नाहीं. उरलेलीं चाळीस वर्षें त्यानें बहुतेक साष्टींतच काढलीं आणि १६१९ सालीं तो वारला.

ज्या साष्टींत तो आला ती सुखाची भूमि नव्हती. १५६७ च्या सुमारास त्या प्रांतांतील हिंदूंचीं देवळें पाडलीं गेलीं होतीं. कुशस्थळीचा मंगेश व केळशीची शांतादुर्गा यांना भक्तांनीं नदीपार अंत्रुज महालांत नेऊन बसविलें होतें. १५६० पासून गोव्यांत इन्क्विझिशनचें न्यायासन चालू होतें. १५ जुलै १५८३ रोजीं कुंकळ्ळी येथें रुदोल्फ आक्वाविवा व त्याचे चार जेझुइट सोबती गांवकऱ्यांच्या हातून मारले गेले. पुढें फिरंग्यांनीं कुंकळ्ळीच्या मुखत्यारांना असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून ठार केलें. स्टीफन्स त्या वेळीं साष्टींतच होता. त्याच वर्षीं आपल्या भावास लिहिलेल्या पत्रांत त्यानें या देशांतील भाषांविषयीं लिहिलें, आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिन या भाषांशीं जुळते असा अभिप्राय दिला. सर विल्यम जोन्स याचें या विषयावरील प्रसिद्ध व्याख्यान १७८६ सालचें. म्हणजे दोन शतकांनंतरचें. ज्या प्रांतांत एवढा रक्तपात झाला, तेथेंच हा मनुष्य लोकांच्या तोंडची भाषा कान देऊन ऐकत होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं ध्यानांत ठेवल्याशिवाय त्याच्या ग्रंथाचें मर्म कळणार नाहीं.

(३)

ग्रंथ कां लिहिला याचें कारण पहिल्या पुराणाच्या पहिल्याच अवस्वरूंत कथारूपानें आलें आहे. देवळांत धर्मोपदेश चालू असतां नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्र्यासमोर येतो. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: आपण आम्हांस प्रार्थना व धर्मतत्त्वें शिकवितां तें उत्तमच आहे, परंतु आमचीं जुनीं पुराणें आपण बंद केलीं, तेव्हां त्यांच्या जागीं वाचावयास, ऐकावयास आम्हांस दुसरें पुराण कां देत नाहीं? पाद्र्यास ती मागणी पटते आणि ग्रंथास आरंभ होतो.

हा प्रसंग जसाच्या तसा घडला कीं कवीनें रचला, याचा वाद घालण्याचें प्रयोजन नाहीं. प्रश्नोत्तरानें कथेस आरंभ करण्याची आपल्या पुराणांची रीतच आहे, व स्टीफन्सनें ती उचलली हें उघड आहे. महत्त्वाचें तें मागणीचें स्वरूप. हा मनुष्य धर्माचें नवें तत्त्व मागत नाहीं. तें त्यास मिळालें आहे. त्यास पाहिजे आहे तें दिवेलागणीनंतरच्या वेळेस. पूर्वीं ज्या घरांत चार माणसें जमून पुराण ऐकत असत, तें घर आतां मुकें झालें आहे. धर्मांतर एका दिवसांत झालें. पण दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं त्या घरांत काय म्हणावयाचें, हा प्रश्न राजाज्ञेनें सुटणारा नव्हता. स्टीफन्सला तो प्रश्न ऐकूं आला, यांतच त्याचें मोठेपण आहे.

आणि तो ज्याच्यासाठीं लिहीत होता त्या श्रोत्याची ओळखहि त्यानें गद्य प्रस्तावनेंत करून दिली आहे. परमेश्वराच्या गोष्टी सांगण्यास या देशांतील भाषांमध्यें मराठी योग्य वाटली म्हणून ग्रंथ मराठींत केला. परंतु शुद्ध मराठी मध्यम लोकांस समजत नाहीं, म्हणून मागील कवींचे अवघड शब्द बहुतेक टाकले व ठिकठिकाणीं सोपे ब्राह्मणभाषेंतील शब्द मिसळून कवित्व सोपें केलें, असा त्या प्रस्तावनेचा आशय आहे. ब्राह्मणभाषा म्हणजे तिकडची कोंकणी. तेव्हां पंडितसभा जिंकण्यासाठीं हा ग्रंथ लिहिलेला नाहीं. मध्यम लोक, म्हणजे ज्यांना शेत, भाट, घर व मुलें सांभाळून उरल्या वेळांत धर्म पाळावयाचा आहे ते, त्याचे श्रोते होते. त्याचें कोंकणींतील धर्मप्रश्नोत्तराचें पुस्तक त्याच्या मरणानंतर १६२२ सालीं रायतुरास छापलें गेलें. तें शिकविणारा व शिकणारा यांच्या संवादरूपानें आहे. त्याचें कोंकणीचें व्याकरण इतरांनीं वाढवून १६४० सालीं प्रसिद्ध केलें. पुराण, प्रश्नोत्तरें आणि व्याकरण हीं तिन्हीं एकत्र ठेवून पाहिलीं म्हणजे मनुष्याचें कार्य स्पष्ट दिसतें. व्याकरण परदेशी पाद्र्यासाठीं, प्रश्नोत्तरें मुलांसाठीं, आणि पुराण घरासाठीं.

(४)

ग्रंथाचा छंद ओवी आहे, हें सहज सांगून सोडण्याजोगें नाहीं. ओवी ही जात्यावर, पाळण्याशीं, लग्नघरांत चालणारी. तीच ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ग्रंथांत विराजमान झालेली. ती ऐकण्यास श्रोत्यास शिकावें लागत नाहीं. स्वर्गास वैकुंठ म्हणावें, ईश्वरास देवाधिदेव म्हणावें, कथेचे अवस्वरू पाडावे, हा सर्व थाट जुन्या श्रोत्यास ओळखीचा होता. पहिल्या पुराणांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारकाची वाट पाहण्याच्या काळापर्यंतची, व दुसऱ्यांत मरियेच्या जन्मापासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा आहे. स्टीफन्सनें आपले मराठी पूर्वकवि वाचले होते याविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं. जेझुइटांच्या हातीं मराठी पोथ्या लागल्या होत्या. पोर्तुगालांतील ब्रागा येथील ग्रंथालयांत रोमन लिपींत उतरलेलीं रामायण-महाभारताच्या कथांचीं व मराठी काव्याचीं जीं बाडें आहेत, तीं याचीच साक्ष देतात. ज्या पोथ्या लोकांच्या घरांतून काढून घेतल्या गेल्या, त्यांचाच छंद घेऊन हा कवि पुन्हा त्याच घरांत शिरला, असें म्हटल्यास तें कठोर वाटेल, पण खोटें ठरणार नाहीं.

साष्टीच्या ख्रिस्ती घराचा जो नित्यक्रम पुढें रूढ झाला तो सर्वांच्या परिचयाचा आहे. संध्याकाळीं इगर्जीची घांट झाली कीं घरांतील सर्वांनीं वेदीपुढें गुडघे टेकावे, तेर्स म्हणावा, मग धाकट्यांनीं वडिलांकडे बेसांव मागावा, आणि मगच जेवणास बसावें. गांवच्या खुरसापाशीं लादैन्य व्हावें. नवें भात इगर्जींत आणून त्यावर आशीर्वाद घेतल्याशिवाय कापणीस आरंभ करूं नये. राय येथील कणसांचें फेस्त दरवर्षीं ५ ऑगस्टला होत असतें. यांतील प्रत्येक गोष्टीमागें जुन्या घराची आठवण उभी आहे. दिवेलागणीचा शुभंकरोति, वडिलांस नमस्कार, ग्रामदेवतेचा उत्सव व नव्याची पूजा यांच्या जागा रिकाम्या राहिल्या असत्या, तर नवा धर्म इगर्जीच्या भिंतींबाहेर पडला नसता. इगर्जींत मीस लॅटिन भाषेंत चाले. ती ऐकणारांपैकीं बहुतेकांस तिचा शब्द समजत नसे. जें समजत होतें तें घरच्या भाषेंतलें. ख्रिस्ताचा शिष्य होणें म्हणजे काय, हें साष्टीच्या गृहस्थानें या दैनंदिन क्रमांतून व ओवीच्या कथेंतून समजून घेतलें.

(५)

आतां प्रतींचा काळ पाहूं. पुराणाची तिसरी आवृत्ति १६५४ सालची. त्यानंतर लवकरच वारें फिरलें. २७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉय कोंद-द-आल्व्होर यानें हुकूम काढला कीं, तीन वर्षांच्या आंत लोकांनीं देशभाषा सोडून पोर्तुगीझ भाषाच वापरावी. इन्क्विझिशनचा १७३६ सालचा जाहीरनामा त्याहून घरगुती बाबतींत शिरला. ख्रिस्ती घराच्या अंगणांत तुळस लावूं नये, लग्नांत पानसुपारी व फुलें वाटूं नयेत, हळद लावूं नये, भात आधीं अळणी शिजवून मीठ मागाहून घालूं नये, आणि लग्नांत ओव्या गाऊं नयेत, असे त्यांत निर्बंध आहेत.

हा जाहीरनामा इतिहासकारास दोन प्रकारें उपयोगी आहे. एक तर त्यावरून जुलमाचें स्वरूप कळतें. दुसरें असें कीं, जें चालू नाहीं त्यास कोणी बंदी घालीत नाहीं. तेव्हां धर्मांतरास पावणेदोनशें वर्षें होत आलीं तरी त्या घरांतून ओवी, हळद व तुळस हीं गेलीं नव्हतीं, असें तो जाहीरनामाच सांगतो. येथें एक विलक्षण पेंच दिसतो. ज्या ओवीस लग्नघरांत बंदी, त्याच ओवींत ख्रिस्ताचें चरित्र धर्मसंस्थेच्या परवान्यानें छापलें गेलें होतें. मग अठराव्या शतकांत ज्यानें ख्रिस्तपुराण हातानें उतरून घेतलें, त्यानें काय केलें? त्यानें राजाज्ञा मोडली असें म्हणवत नाहीं, कारण ग्रंथ धर्माचाच होता. आणि पाळली असेंहि म्हणवत नाहीं, कारण भाषा निषिद्ध ठरलेली. तो आपल्या घरचा धर्म आपल्या घरच्या भाषेंत चालवीत राहिला, इतकेंच. छापखान्यानें पाठ फिरविल्यावर बोरूनें तें काम केलें.

ग्रंथ गोव्यांतच राहिला नाहीं. गोव्यांतून जे ख्रिस्ती निरनिराळ्या कारणांनीं कानडा प्रांतांत उतरले, त्यांच्याबरोबर तो मंगळूरकडे गेला. १७८४ च्या फेब्रुवारींत टिपू सुलतानानें त्या लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेलें. जे वांचले ते १७९९ नंतर परत आले. त्या बंदिवासांत पाद्री नसतां या पुराणाच्या ओव्यांनीं लोकांचा धीर टिकविला, असें मंगळूरकडे परंपरेनें सांगत आले आहेत. परंपरेस कागदाचें मोल देतां येत नाहीं. तरीहि त्या समाजाच्या स्मरणांत हा ग्रंथ संकटकाळच्या आधाराच्या रूपानें राहिला, एवढें तिच्यावरून निश्चित होतें. आणि पहिली अर्वाचीन आवृत्ति गोव्यांत न निघतां मंगळुरांत निघावी, याचाहि अर्थ त्यावरून लागतो.

(६)

हस्तलिखितांविषयीं जो मुख्य वाद आहे त्याचा येथें परामर्श घेणें जरूर आहे. विल्यम मार्स्डेन याच्या संग्रहांतून लंडनच्या प्राच्यविद्यालयाकडे आलेल्या कागदांत ख्रिस्तपुराणाची एक देवनागरी प्रत आहे. तिच्याकडे विद्वानांचें लक्ष १९२३ सालीं जस्टिन ॲबट यांनीं वेधलें. हे अमेरिकन मराठी मिशनचे गृहस्थ. महाराष्ट्रांतील संतकवींचीं इंग्रजी भाषांतरें यांनींच केलीं. सालढाणा यांच्या रोमन लिपींतील पाठांत जेथें पोर्तुगीझ-लॅटिन धार्मिक शब्द येतात, तेथें या प्रतींत पुष्कळदां संस्कृत वळणाचे शब्द आहेत. त्यावरून हाच ग्रंथाचा मूळ पाठ, असें ॲबट यांचें मत झालें. स्टीफन्सनें १६०८ सालीं आपल्या संघाच्या मुख्यास पत्र लिहून देशी लिपींत पुस्तकें छापण्याची इच्छा कळविली होती. त्यामुळें या मतास बळकटी येते. उलट पक्षीं, रोमन पाठ आधींचा व देवनागरी प्रत ही मागाहून कोणीं तरी केलेली सुधारणूक, असेंहि म्हणणारे आहेत. शांताराम बंडेलू यांची १९५६ सालची पुण्याची देवनागरी आवृत्ति सालढाणा यांच्या पाठावर आधारलेली आहे.

या वादाचा निकाल लावण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु आमच्या प्रश्नापुरतें पाहतां, दोन्ही पक्षांनीं एकच गोष्ट सिद्ध होते. देवनागरी पाठ मूळचा असेल, तर परक्या शब्दांवांचूनहि ख्रिस्तचरित्र सांगतां येतें असें खुद्द स्टीफन्सला वाटत होतें. तो मागाहूनचा असेल, तर कोणा देशी वाचकानें अकरा हजार ओव्यांतून परके शब्द वेंचून त्या जागीं आपले शब्द घातले. ज्या ग्रंथास कोणी वापरीत नाहीं, त्याचा पाठ बदलत नाहीं. तो जसाच्या तसा पेटींत राहतो. पाठभेद हा संशोधकाच्या डोक्यास ताप खरा, पण तोच वहिवाटीचा पुरावा होय. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पडलेले पाठभेद नाथांना शुद्ध करावे लागले, तेंहि ती पोथी घरोघर वाचली जात होती म्हणूनच.

यावर एक आक्षेप येण्याजोगा आहे. प्रत उतरली म्हणजे श्रद्धा होती असें कशावरून? कांहीं प्रती इगर्जींत वाचण्यासाठीं, कांहीं पोटासाठीं, कांहीं नुसत्या हौसेनें झाल्या नसतील काय? आक्षेप योग्य आहे. कागदावरून कोणाचें अंतःकरण वाचतां येत नाहीं. तो दावा आम्ही करीत नाहीं. परंतु तोच न्याय बाप्तिस्म्याच्या नोंदवहीस लावला पाहिजे. तींतील नांवावरूनहि अंतःकरण कळत नाहीं. कित्येक नांवांमागें भीति होती, वतन राखण्याची काळजी होती, हें आपण जाणतों. तरीहि धर्मप्रसाराचा इतिहास आपण त्या नोंदींवरून लिहितों. एका दिवसाच्या नोंदीपेक्षां कित्येक महिन्यांच्या श्रमानें सिद्ध झालेली, व पुढें पिढ्यान्पिढ्या वाचली गेलेली पोथी हा अधिक भरंवशाचा साक्षी कां मानूं नये? ख्रिस्ती मिशनचा इतिहास जहाजानें आलेल्या पाद्र्यापाशीं सुरू होतो. पण तेथें संपत नाहीं. पाद्री मेल्यावर, छापखाना बंद पडल्यावर, भाषेस मनाई झाल्यावर, ज्यानें तो धर्म घरांत चालविला त्या गृहस्थाचें नांव त्या इतिहासांत यावयास पाहिजे.

(७)

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. कोंकण, गोवा व कानडा येथें जुने कागद पाहतांना रोमन लिपींतील बाड दिसलें कीं आपण तें फिरंगी भाषेंतील समजून बाजूस ठेवतों. देवनागरी-मोडी वाचणाराच्या उपयोगाचें तें नाहीं अशी आपली समजूत असते. इतःपर तसें करूं नये. एक पान मोठ्यानें वाचून पाहावें. कानावर ओवी पडली तर तें बाड मराठीचें आहे. मग त्यांत मजकुराइतक्याच काळजीनें इतर गोष्टी टिपाव्या: अखेरीस लेखकाचें नांव, गांव व साल दिलें आहे काय, मालकीचीं नांवें किती व कोणत्या हातचीं आहेत, समासांत कठीण शब्दाचा अर्थ कोंकणींत लिहिला आहे काय, कोणत्या अवस्वरूंचीं पानें हाताळून झिजलीं आहेत व कोणतीं कोरीं राहिलीं आहेत. जन्मकथेचीं पानें झिजलेलीं असतील तर ग्रंथ नाताळांत वाचला जाई. दुःखभोगाचीं झिजलेलीं असतील तर उपासाच्या दिवसांत. पाठनिर्णयास या गोष्टींचा उपयोग थोडा, पण त्या घरांतील माणसें कशीं जगलीं हें कळण्यास त्यांखेरीज दुसरें साधन नाहीं.

ज्या ब्राह्मणानें पाद्र्याकडे पुराण मागितलें, त्याचें नांव ग्रंथांत नाहीं. त्याच्या मागणीचें उत्तर ज्यांनीं शतकानुशतकें उतरून घेतलें, त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवेंहि आपणांस ठाऊक नाहींत. तीं कोठें मिळालींच तर एखाद्या फाटक्या बाडाच्या शेवटच्या पानावर मिळतील. आणि तें पान वाळवीच्या आधीं आपल्या हातीं पडावें, एवढीच इच्छा आहे.